परत आल्यावर सांगायचं

बाबांचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या जिन्यात उभी होते. बाबा दिवसा कधी फोन करत नाहीत. दिवसा ते बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, असतात आणि फोन घरी खुंटीला पिशवीत टांगलेला असतो. म्हणून नाव दिसल्याबरोबर मी फोन उचलला. ते म्हणाले, "रजनी गेली." मला आधी वाटलं, कुठं बाहेरगावी गेली असेल, नोकरीचं काही झालं असेल. मग म्हणाले, "सकाळी जंगलात गेल्ती. जनावरानं…" आणि तिथंच थांबले. वर कोणत्या तरी वर्गात खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मी विचारलं, "कायले गेल्ती?"

मलाच माझ्या आवाजाची भीती वाटली. कारण तो 'कशाला' हा प्रश्न माझा नव्हता. तो रजनीताईचा होता.

कुरखेड्याच्या पलीकडे, रस्ता जिथं जंगलात शिरतो त्याच्या अलीकडे आमचं गाव आहे. रजनीताईचं घर आमच्या घरासमोर. नात्यानं ती आमची कोणी नाही, पण तिच्या आईला मी लहानपणापासून मोठ्याई म्हणते. ताई आमच्या गावातली इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली पहिली मुलगी. एका शाळेत ती तासिका तत्त्वावर शिकवायची, आणि संध्याकाळी घराच्या सपरीत, म्हणजे समोरच्या उघड्या पडवीत, आम्हा पोरापोरींना इंग्रजी शिकवायची. मी आज कॉलेजात आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. ती मी चढले ती त्या सपरीमुळे. याहून मोठं वाक्य मला लिहिता येत नाही.

तिला शिकवायला सगळ्यात जास्त आवडायचा तो धडा म्हणजे 'सो ॲज टू'. इन ऑर्डर टू, सो दॅट, सो ॲज टू… कोण कोणतं काम कशासाठी करतो ते सांगणारी वाक्यं. पोरं 'सो'पर्यंत यायची आणि अडकायची. मग ती खडू हातात धरून मान तिरपी करायची आणि विचारायची, "कायले?" वाक्य पूर्ण होईपर्यंत तिचा तो एकच प्रश्न. "मी बाजारात गेलो." "कायले?" "मीठ आनाले." "मंग सांग ना इंग्रजीत, माह्या तोंडाकडे काय पाहून राह्यला?" तिचं नावच कायलेबाई पडलं होतं. ते तिला माहीत होतं आणि तिला ते आवडायचंही, असं मला वाटतं. गावातल्या बायका विचारायच्या, "रजनी, लगन कधी करते व?" ती तशीच मान तिरपी करून म्हणायची, "कायले?" आणि बायका हसत हसत पाण्याला जायच्या.

एकदा मी तिला विचारलं होतं की 'ॲज' हा तर तुलनेचा शब्द, जसं-तसं सांगणारा. हा तितका उंच, जितका तो… मग तो कारण सांगायला कसा आला? पुस्तकात काय उत्तर आहे मला माहीत नाही. तिनं मला तिचं सांगितलं. म्हणाली, "हे बी तुलनाच हाय. तराजू समज. एका पारड्यात तू केलेलं काम, दुसऱ्या पारड्यात ते कायले केलं ते. दोन्ही सारखी भरली पाहिजेत. काम जड आन् कारन हलकं, तं मानूस उगाच थकला असं समज." हे उत्तर परीक्षेत कुठंच लिहिता आलं नाही, पण मी ते विसरले नाही. गेले काही आठवडे तर ते विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी बाहेरच्या माणसाला कदाचित विचित्र वाटेल. आमच्याकडे जंगलात जाताना माणूस कारण सांगत नाही. कोणी विचारतही नाही. मोहफुलं वेचायला, तेंदूपान तोडायला, सरपणाला, कशालाही निघालेलं असो… टोपली घ्यायची, एकमेकींकडे पाहायचं आणि चालायला लागायचं. सांगून गेलं तर जंगल ती वस्तू लपवतं असं जुनी माणसं म्हणतात. काहीजण म्हणतात, ऐकणारं दुसरंच कोणी असतं. काय आणायला गेलो होतो ते परत आल्यावर सांगायचं. दारात टोपली खाली ठेवली की बाई म्हणते, "सरपनाले गेल्ती, आली." तेव्हा घरातल्यांचा जीव खाली बसतो.

ताईनं पहिल्याच वर्षी फळ्यावर वाक्य लिहिलं होतं, 'वुई गो टू द फॉरेस्ट', आणि पुढं रेघ. बाजार, दवाखाना, एसटी स्टँड, सगळ्यांची कारणं पोरांनी पटापट सांगितली होती. जंगलावर आल्यावर सगळी गप्प. तिनं "कायले?" विचारलं, तरी गप्प. शेवटी मागून एकजण म्हणाला, "ताई, तुले मालूम नाई का?" ती याच गावची. तिनं खडू खाली ठेवला, स्वतःशीच हसली आणि 'गो' पुसून तिथं 'वेन्ट' लिहिलं. "आता बोला. आता आलो ना आपन परत." तेव्हापासून तिच्या सपरीत जंगलाचं वाक्य नेहमी भूतकाळात असायचं. गेलो होतो, आलो, आता सांगतो. आम्हाला तो इंग्रजीचाच नियम वाटायचा.

त्यामुळे एक गंमत झाली होती. शाळेच्या चाचणीत दोन वाक्यं जोडायला आली, तो जंगलात जातो, त्याला मध काढायचा आहे. आमच्या गावच्या झाडून सगळ्या पोरांनी 'तो जंगलात गेला' असं लिहून ठेवलं. पोरांनी कॉपी केली असं समजून गुरुजींनी सगळ्यांना बाकावर उभं केलं. दुसऱ्या दिवशी ताई स्वतः शाळेत गेली आणि त्यांना समजावून सांगितलं. परत आली तेव्हा आम्ही कुंपणापाशीच उभे होतो. "मार्क देल्ले का ताई?" "मार्क नाई देल्ले. चहा देल्ला," ती म्हणाली. "जा आता, त्याले परीक्षेत जंगलात जाऊ द्या. कागदावरचा मानूस हाय तो, त्याले काई होत नाई."

कागदावरच्या माणसाला काही होत नाही… हे वाक्य मला गडचिरोलीहून गावाकडे येताना एसटीत सारखं ऐकू येत होतं. आरमोरी कधी गेली, वडसा कधी आली, मला कळलं नाही. मी गावात पोहोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. वनखात्याची गाडी निघून गेली होती. सपरीत बायका बसल्या होत्या आणि आत मोठ्याई भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला पाहिलं, रडली नाही. म्हणाली, "तू तिची पोट्टी. तुले तं सांगतलं असन. कायले गेल्ती व ती?"

मला काही माहीत नव्हतं. मी तिला तसं सांगितलं. तिनं मान हलवली, जणू मी उद्या सांगणार आहे.

जे कळलं ते इतकंच. ताई सकाळी चांगलं उजाडल्यावर घरातून निघाली. हातात तिची नेहमीची कापडी पिशवी होती. मोठ्याई अंगणात शेणाचा सडा टाकत होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, बोलणं झालं नाही, कारण ती जंगलाच्या वाटेनं वळली होती. गावाबाहेर ती वाट सागाच्या झाडांमधून जाते आणि पुढं तिला दोन फाटे फुटतात. एक फाटा वारुळांच्या उताराकडे जातो. पावसाळ्यात तिथं सात्या निघतात, वारुळावर येणारी पांढरी अळिंबी, जिची आमच्याकडे वर्षभर वाट पाहतात. दुसरा फाटा पलीकडच्या टोल्यावर जातो, म्हणजे थोड्या घरांच्या वस्तीवर. ताई सापडली ती दोन्ही फाट्यांच्या अलीकडे. पिशवी रिकामी होती.

आदल्या दिवशी संध्याकाळी जेवताना मोठ्याई म्हणाली होती, "औंदा सात्या तोंडाले नाई लागल्या." बस एवढंच. आण म्हणाली नव्हती. तोंडाला चव नव्हती, बोलून गेली. हे तिनं मला कितीतरी वेळा सांगितलं, प्रत्येक वेळी तितक्याच शब्दांत, जणू एखादा शब्द इकडचा तिकडं झाला तर काही बदलेल. तिला एवढंच हवं होतं की कोणीतरी म्हणावं, रजनी सात्यांसाठी गेली नव्हती. दुसरं काहीही कारण चाललं असतं. पण आमच्याकडे जंगलात गेलेल्याचं कारण तोच सांगतो जो परत येतो. दुसऱ्यानं त्याच्या वतीनं सांगायचं नसतं. म्हणून गावातल्या बायका तिच्याजवळ बसायच्या, तिचा हात धरायच्या, पण या प्रश्नावर खाली पाहायच्या. मीसुद्धा खाली पाहिलं. आणि मनात तो तराजू यायचा. एका पारड्यात ताई… आणि दुसऱ्यात काय ठेवायचं? मूठभर अळिंबी? मी काहीही ठेवून पाहिलं तरी ते पारडं वरच राहायचं.

मी कॉलेजला परत आले, पण नीट परत आले नाही. खोलीत दिवा लावायला उठले की मागून कोणीतरी विचारायचं, कायले? रांगेत उभी राहिले की, कायले? पुस्तक उघडलं की तेच. आवाज रागाचा नव्हता, पोराचं वाक्य अडलं की तिचा जसा असायचा तसाच, थोडा हसरा. त्यामुळे जास्तच भीती वाटायची. मी हे कोणाला सांगितलं नाही. पोळ्याच्या सुट्टीत गावी आले तर कळलं की हे माझ्या एकटीचं नव्हतं. त्या वाटेनं आता बायका घोळक्यानं जातात, डबे वाजवत. जिथं ताई सापडली तिथं येणारीजाणारी प्रत्येकजण हिरवी डहाळी टाकते, त्या डहाळ्यांचा आता मोठा ढीग झाला आहे. शेजारच्या घरची वंदनावहिनी मला म्हणाली, "फाट्यापाशी गेलं की कोनी विचारल्यासारखं वाटते व. मी तं डबा जोरात वाजवतो. उत्तर देत नाई." तिच्या सासूनं टोमणा मारला, "तुले शाळेत असताना बी उत्तर येत नव्हतं." वहिनी हसली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी मोठ्याईकडे गेले होते. सणाला भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा द्यायचा होता, तिच्यानं होत नव्हतं. ती खूप वाळली होती. भात पुढं घेऊन बसायची आणि कोंबड्यांना टाकायची. मी बादलीत माती कालवत होते, तेवढ्यात कुंपणापाशी एक मुलगी उभी दिसली. आत येत नव्हती, जातही नव्हती.

"कोन व?" मोठ्याईनं विचारलं.

"मी सुनीता. टोल्यावरची."

मी तिला ओळखलं. ताईच्या वर्गात यायची, त्याच जंगलाच्या वाटेनं, आपल्या भावासोबत. दहावीला इंग्रजीत नापास झाली आणि धानाची रोवणी सुरू झाल्यापासून यायची बंद झाली होती. ताईनं सपरीत पोरांना म्हटलं होतं, तिच्या घरी एकदा जाऊन पाहायला पाहिजे. हे मला पोरांनीच नंतर सांगितलं होतं. मोठ्याईच्या कानावर गेलं होतं का, मला माहीत नाही.

"अंदर ये ना," मोठ्याई म्हणाली. सुनीता आली, पण सपरीवर चढली नाही. खालीच अंगणात उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"मोठ्याई, ताई माह्यासाठी आल्ती," ती म्हणाली. "मले बलावाले. मी शिकनार नाई म्हनून निरोप देल्ता भावापाशी. म्हनून ती येऊन राह्यली होती…" तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मले झोप नाई लागत. डोळा लागला का दारात येऊन विचारते."

काय विचारते, ते आम्हा दोघींनाही विचारावं लागलं नाही.

मी मोठ्याईकडे पाहिलं. मला वाटलं, आता हिची सुटका झाली. इतके दिवस हिला जे ऐकायचं होतं ते ही मुलगी स्वतःच्या पायांनी चालत येऊन सांगत होती. रजनी सात्यांसाठी गेली नव्हती. तुझ्यासाठी गेली नव्हती. मोठ्याईला फक्त मान हलवायची होती. खरं सांगते, त्या क्षणी मलाही तेच हवं होतं, कारण मला ती मुलगी परकी होती आणि मोठ्याई माझी होती.

मोठ्याई बराच वेळ त्या मुलीकडे पाहत राहिली. तिच्या पायांकडे, चिखलानं भरलेल्या चपलांकडे. मग म्हणाली, "कोनं सांगतलं तुले हे?"

"कोनी नाई. मले मालूम हाय."

"तुले काई मालूम नाई," मोठ्याई म्हणाली. आवाज एकदम पूर्वीसारखा झाला होता, पोरांना अंगणातून हाकलायची तसा. "ती सात्या आनाले गेल्ती. मीच धाडलं तिले. तोंडाले चव नव्हती, म्हनून म्हनलं, जा, सकाळी सात्या घेऊन ये. नाई म्हनून राह्यली होती, तरी मी धाडलं."

सुनीता तिच्याकडे पाहत राहिली.

"तुह्या घरी तं ती इतवारी येनार होती," मोठ्याई पुढं म्हणाली. "मले सांगून ठेवलं होतं. टोल्यावर जातो म्हने, सुनीताले घेऊन येतो, डोकं चांगलं हाय पोट्टीचं. तुह्यासाठी इतवार होता. त्या दिवशी इतवार होता का?"

"नाई," सुनीता म्हणाली.

"मंग? घरी जा आता. उद्या पोळा हाय, आईले काम असन. आन् पोळा झाला का वर्गाले ये."

"वर्ग कोन घेईन?"

"ते मी पाहातो. तू ये."

सुनीता तोंड दाबून रडली, खूप रडली, पण ते रडणं वेगळं होतं. जाताना ती वाकून मोठ्याईच्या पाया पडली. तिचा भाऊ रस्त्यावर सायकल घेऊन थांबला होता. दोघं सडकेच्या लांबच्या रस्त्यानं गेली, दिसेनाशी होईपर्यंत मोठ्याई पाहत होती.

माती बादलीत घट्ट होत चालली होती. मला विचारावं की नाही कळत नव्हतं. शेवटी विचारलं, "मोठ्याई, तू तं म्हनली होती का तू तिले आन म्हनलंच नव्हतं."

"नव्हतं."

"आन् इतवारचं?"

"काई सांगतलं नव्हतं बापा तिनं मले." ती खाली बसली. "ती कायले गेल्ती ते मले का मालूम. तुले बी नाई मालूम, तिले बी नाई. पन कोनाले तरी उचला लागनच ना हे. त्या पोट्टीचा आखा जनम बाकी हाय, उचलून उचलून वाकन ती. माहे कितीक दिवस राह्यले?" मग माझ्या हाताकडे पाहून म्हणाली, "माती सुकून राह्यली. पानी टाक."

मी पाणी टाकलं. आमच्या गावात परत न आलेल्या माणसाचं कारण कोणी सांगत नाही, हे मी वर लिहिलं आहे. मोठ्याईनं ते सांगितलं. गावात ते कळलंही, पण तिला त्यावरून कोणी काही बोललं नाही. मी कॉलेजात शिकते, पुढंही शिकायचं आहे, पण त्या दुपारी जे पाहिलं ते मला कुठल्या विषयात बसवता येत नाही. मला अजूनही ठाऊक नाही, ताई त्या फाट्यावर कुठं वळणार होती. कदाचित दोन्हीकडे. कदाचित दोन्हींपैकी कुठंच नाही, नुसतीच चालायला गेली असेल… ती कधी कधी तशीही जायची. मागून येणारा आवाज माझा थांबलेला नाही. फक्त आता मी दचकत नाही.

त्या संध्याकाळपर्यंत मी सपरीच्या भिंती पोतारल्या. फळ्याशेजारी, खांद्याच्या जरा वर, भिंतीवर एक काळपट गोल डाग होता. पोरं वाक्य जुळवत असायची तेव्हा ताई तिथं डोकं टेकून वाट पाहत उभी राहायची. तिच्या केसांच्या तेलाचा डाग होता तो, वर्षानुवर्षांचा. तिथं आल्यावर माझा हात थांबला. मोठ्याई दारातून म्हणाली, "पोत. सन हाय." मी त्यावरून दोनदा, तीनदा हात फिरवला आणि भिंत एकसारखी पांढरी झाली. सकाळी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला म्हणून बाहेर आले आणि आधी समोर पाहिलं. भिंत पूर्ण वाळली होती, आणि डाग पुन्हा वर आला होता, होता तिथंच, होता तेवढाच. मोठ्याई त्याच्यापुढं उभी होती.

"तेलावर माती बसत नाई," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.